चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' साताऱ्यात मुलांना दाखवायचाय : कोणती प्रत, कसा पडदा, कसा आवाज?

माहुली
नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत 'द गोल्ड रश' दाखवायचं घाटतंय. सात ते तेरा वयाची साठेक मुलं आणि त्यांचे आजी-आजोबा येतील. मूळ कल्पना आजी-आजोबांचीच आहे. बूट शिजवून खाणारा चार्ली आपण लहानपणी पाहिला, तो नातवंडांनीही पाहावा, असं त्यांना फार वाटतंय.

अडचण अशी की सगळ्यांना आठवणारा सिनेमा एक नाही. काहीजण म्हणतात, पडद्यामागून एक माणूस सतत इंग्रजीत गोष्ट सांगत होता. काहीजण म्हणतात, नुसत्या मजकुराच्या पाट्या आणि वाद्यं होती. शेवटी बोटीवर चार्ली त्या मुलीचं चुंबन घेतो की नाही, यावरही दोन तट आहेत. एका आजोबांना तर चार्लीला जेवू घालणारं यंत्रही याच सिनेमातलं वाटतं. तर नेमकी कोणती प्रत मिळवावी? मुलांना इंग्रजी पाट्या कळायच्या नाहीत, त्याचं काय करावं? शाळेत एक प्रोजेक्टर आहे, पडदा नाही. जाणकारांनी खुलासेवार लिहावं.

जुना ऑपरेटर
ताई, भांडण मिटवा, कारण दोन्ही तट बरोबर आहेत. सिनेमे दोन आहेत.

पहिला १९२५ चा. तो पूर्ण मूकपट, गोष्ट पाट्यांवर पुढे जाते. शेवटी बोटीवर फोटोग्राफर दोघांना उभं करतो, दोघं चुंबन घेतात आणि फोटो बिघडला म्हणून फोटोग्राफर वैतागतो. दुसरा १९४२ चा. बोलपट येऊन स्थिरावल्यावर चॅप्लिनने स्वतःच जुना सिनेमा पुन्हा कापला, पाट्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं आणि संगीत जोडलं. ही प्रत ७२ मिनिटांची आहे. तिच्यात शेवटचं चुंबन नाही, दोघं जिना चढून जातात तिथेच संपतं. म्हणजे ज्यांना बोलणारा माणूस आठवतोय त्यांनी १९४२ ची पाहिली, आणि चुंबन आठवतंय त्यांनी १९२५ ची.

आणखी एक खूण सांगतो, आजी-आजोबांना विचारून बघा. जॉर्जियाची, म्हणजे सिनेमातल्या त्या मुलीची, चिठ्ठी. १९२५ मध्ये ती माफीची चिठ्ठी जॅक नावाच्या त्या देखण्या गुंडासाठी लिहिते, आणि जॅक चेष्टा म्हणून ती चार्लीकडे पोचती करतो. चार्लीला वाटतं आपल्यालाच लिहिली. १९४२ मध्ये ही फसवणूक काढून टाकली आणि चिठ्ठी सरळ चार्लीसाठीच आहे असं दाखवलं. गोष्टीचा स्वभावच बदलतो त्याने. पहिल्या प्रतीत तो शेवटच्या बोटीपर्यंत एकतर्फी प्रेमात आहे.

माझ्या मते मुलांना १९२५ ची दाखवा. कारण साधं आहे. १९४२ मधलं निवेदन इंग्रजी आहे. ते मुलांना कळणार नाही, आणि आवाज बंद केला तर संगीतही जातं. पाट्यांचं मराठी करता येतं, निवेदनाचं करणं कटकटीचं.

कृष्णाकाठ
ऑपरेटर काकांच्या माहितीबद्दल वाद नाही, पण निवडीबद्दल आहे. १९४२ ची प्रत चॅप्लिनने स्वतःच्या हाताने केलेली आहे, अखेरीस त्याला हीच हवी होती. ७२ मिनिटांत आटोपते, सात वर्षांच्या मुलाला तेवढंच झेपतं. १९२५ ची पूर्ण प्रत दीड तासाच्या आसपास जाते.

आजोबांच्या यंत्राबद्दल : जेवू घालणारं यंत्र 'मॉडर्न टाइम्स'मधलं, १९३६. अशी सरमिसळ खूप जणांची होते, कारण चार्लीचा वेश सगळीकडे तोच. चटकन वेगळं करायला म्हणून लिहितो. काचा फोडणारा लहान मुलगा आणि मागोमाग काचा बसवायला येणारा चार्ली, तो 'द किड' (१९२१). सिंहाच्या पिंजऱ्यात अडकणं आणि दोरीवर अंगावर चढलेली माकडं, 'द सर्कस' (१९२८). फुलं विकणारी आंधळी मुलगी, 'सिटी लाइट्स' (१९३१). पृथ्वीच्या गोलाशी खेळणारा हुकूमशहा, 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०).

'गोल्ड रश'मधलं म्हणजे बर्फ, लाकडी खोपट, बूट, उपाशी सोबत्याच्या नजरेला चार्लीचा कोंबडा होणं, कड्यावर लोंबकळणारं खोपट, काट्यांवरच्या पावांचा नाच, आणि नाचताना पँट सांभाळायला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला निघालेला कुत्रा. यातलं काही आठवत असेल तर सिनेमा हाच.

माहुली
कुत्रा! तो सगळ्यांना आठवतोय. धन्यवाद.
आता वेगाचं सांगा. बऱ्याच जणांना माणसं तुरुतुरु धावताना आठवतात. मूकपट तसेच असतात का?

जुना ऑपरेटर
तसे नसतात, तसे दाखवले जातात. हा गैरसमज मुलांच्या मनात मुळातच रुजू देऊ नका.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला १६ ते २० चौकटी, म्हणजे स्थिर चित्रं, कधी थोड्या जास्त, असा हिशेब असे. बोलपट आले आणि वेग २४ वर पक्का झाला, कारण आवाजाची पट्टी एकाच वेगाने जावी लागते. १८ ने घेतलेलं दृश्य २४ ने चालवलं की ते तिसऱ्या हिश्श्याने जलद होतं. साठ मिनिटांचा मजकूर पंचेचाळीस मिनिटांत संपतो आणि माणसं बाहुल्यांसारखी उडतात. त्यात आपल्याकडच्या टीव्हीचा वेग २५, म्हणून १९४२ ची ७२ मिनिटांची प्रत टीव्हीवर ६९ मिनिटांत उरकते. चॅप्लिन थोडी घाई विनोदासाठी मुद्दाम ठेवत असे हे खरं, पण ती थोडीच.

प्रत घेताना म्हणून लांबी बघा. १९२५ ची नीट वेगाची प्रत साधारण ८८ ते ९५ मिनिटांची असते. इंटरनेटवर फिरणाऱ्या काही प्रती याहून बऱ्याच आखूड आहेत, त्यांत एकतर वेग जास्त असतो नाहीतर दृश्यं गळालेली असतात. १९९३ मध्ये केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या चित्रपट-अभ्यासकांनी ठिकठिकाणच्या प्रतींमधून १९२५ चं रूप पुन्हा जुळवलं, कारण १९४२ ची आवृत्ती करताना मूळ सिनेमा कापला गेला होता. २०२५ मध्ये सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा कान महोत्सवात नव्याने दुरुस्त केलेली ४-के प्रत दाखवली. अशी दुरुस्त प्रत मिळाली तर वेगाला अजिबात हात लावू नका. व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.७५ करून बघण्याची युक्ती काहीजण सांगतात, ती फक्त रद्दी प्रतीला लागू आहे. दुरुस्त प्रतीवर तसं केलंत तर चार्ली पाण्यात चालल्यासारखा दिसेल.

टीव्हीवर दाखवणार असाल तर 'मोशन स्मूदिंग' किंवा तशा नावाची सोय असते, ती बंद करा. ती मधल्या चौकटी स्वतःच बनवते आणि बर्फाच्या वादळात चित्र चिकट दिसतं.

अजिंक्यतारा
प्रोजेक्टर आणि पडद्याचं मी लिहितो. ताई, आधी प्रोजेक्टरच्या मागचं लेबल बघून दोन गोष्टी कळवा : चौकटीचं प्रमाण ४:३ आहे की १६:९, आणि उजेड किती ॲन्सी ल्युमेन. 'ॲन्सी' शब्द महत्त्वाचा आहे. बाजारातल्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरवर नुसतं 'ल्युमेन' लिहून मोठे आकडे छापतात, त्यावर जाऊ नका.

माहुली
१०२४ बाय ७६८ लिहिलंय. ३००० ॲन्सी ल्युमेन. 'थ्रो रेशो १.५' असंही आहे.

अजिंक्यतारा
मग तुमचं नशीब जोरावर आहे. तो ४:३ आहे आणि 'गोल्ड रश'ची चौकटही ४:३ च्या जवळपास आहे. चित्र पूर्ण बसेल. रुंद प्रोजेक्टरवाल्यांची हमखास चूक म्हणजे काळ्या कडा दिसू नयेत म्हणून चित्र ताणणं. चार्लीच्या सोबत्याचं काम करणारा मॅक स्वेन आधीच धिप्पाड, ताणल्यावर तो दारात मावत नाही.

आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच चित्र ठरवा. थ्रो १.५ म्हणजे अंतर = रुंदी गुणिले १.५, म्हणून प्रोजेक्टर पडद्यापासून १२ फुटांवर. (हाच प्रोजेक्टर १६:९ चा असता तर सहा फूट उंचीसाठी पूर्ण चौकट १०.६७ फूट रुंद आणि अंतर १६ फूट झालं असतं.) १२ फुटांवर म्हणजे तो मुलांच्या मधोमध येणार. त्याला स्टुलावर नव्हे तर बाकावर बाक चढवून, पक्कं बांधून, डोक्यांच्या वर ठेवा. खाली ठेवून वर वाकवला तर चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. प्रोजेक्टरमधल्या 'कीस्टोन' सोयीने ते सरळ दिसतं, पण मशीन चित्र कापून सरळ करतं, त्यामुळे कडा बोथट होतात. उंची आणि सरळ रेष जुळवा, कीस्टोन शून्यावर ठेवा.

पडदा : भिंत पांढऱ्या मॅट डिस्टेंपरची असेल तर पडदा नकोच. ऑइलपेंटची असेल तर मात्र चकाकते, मधे दिव्याचा गोळा दिसतो. कापड घ्यायचं तर मांजरपाट नको, ते पिवळट असतं आणि बर्फ मळका दिसतो. पांढरंशुभ्र जाड सुती कापड, शिवण आडवी आणि चित्राच्या बाहेर येईल असं. मागे काळं कापड लावाच, नाहीतर अर्धा उजेड आरपार जातो. वर आणि खाली बांबू घालायला नेफा शिवून घ्या, बाजूंना दर फुटावर रिंगा. कापड आदल्या रात्री ओलसर करून ताणून बांधा, सुरकुत्या निघतात.

चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. मुलं सतरंजीवर बसणार, तेवढी उंची नसेल तर दुसऱ्या रांगेपासून मागे बसणाऱ्यांना फक्त डोकी दिसतात. पहिली रांग पडद्यापासून नऊ फुटांवर, शेवटची ३५ फुटांच्या आत.

कोणी म्हणेल हॉल कशाला, मैदानात लावा. मे महिन्यात नको. साताऱ्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि पावसाच्या आधी वारा सुटतो. आठ बाय सहाचं कापड म्हणजे शीडच. शिवाय सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पुरता काळोख पडायला पावणेआठ होतात. लहान मुलं दहापर्यंत जागवावी लागतील. पहिला पाऊस झाल्यावर तर पंखवाली वाळवी उजेडावर येते, झोत पाखरांनी भरून जातो.

मिरजेचा पेटीवाला
१९२५ ची दाखवणार असाल तर संगीत प्रत्यक्ष वाजवा, हा आग्रह. पेटी आणि तबला-ढोलकी असा दोघांचा संच पुरतो. मूकपट मुळात असाच दाखवत, थिएटरात वादक बसत.

काय वाजवावं? प्रत्येक हालचालीला टुणकन-धपकन आवाज काढायचा मोह होतो, तो आवरा. दहा मिनिटांत मुलं पडदा सोडून तबल्याकडे बघायला लागतात. सिनेमाचे चार-पाच रंग ठरवा. वादळाला पेटीवर खालच्या सप्तकात धरून ठेवलेले दोन स्वर आणि भात्याचा दाब कमी-जास्त. भुकेला विलंबित, मोकळ्या जागा ठेवून. कोंबड्याच्या पाठलागाला ढोलकी, इथे मनसोक्त. नाचघराला ठेका. कड्यावरच्या खोपटाला मात्र आधी काहीच नाही. खोपट एका बाजूला कलतं आणि दोघं झोपेतून उठून घरातल्या घरात चालतात, तेव्हा मुलं स्वतःच ओरडतात. त्यांचा आवाज हेच तिथलं संगीत. खोपट घसरायला लागलं की मग लय वाढवत न्या.

सगळ्यात महत्त्वाची जागा नववर्षाच्या रात्रीची. चार्लीने टेबल मांडलंय, पाहुण्या आलेल्या नाहीत, त्याला डुलकी लागते. स्वप्नात पावांचा नाच. मग जाग येते आणि लांब नाचघरात लोक एकमेकांचे हात धरून 'ऑल्ड लँग साइन' म्हणताना दिसतात. चार्ली दारात उभा राहून ऐकतोय. तिथे हीच धून वाजली पाहिजे, दुसरं काही चालणार नाही, कारण पडद्यावरचे लोक तीच गातायत. वाजवायला अवघड नाही. पाच स्वरांची धून आहे, आपल्या भूपाचेच स्वर. पहिली ओळ : मंद्र प, सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प ध. मध्यलयीत, तबला पूर्ण बंद. ओळ संपल्यावर भाता सावकाश सोडा.

तालमी किमान दोन, पूर्ण सिनेमा लावून. प्रत हातात आली की त्याच प्रतीवर घड्याळ लावून कागद करा : किती मिनिटांनी कोणतं दृश्य, कोणता रंग. दुसऱ्या प्रतीचे आकडे उपयोगाचे नाहीत, लांबी वेगळी असते. वादक पडद्याच्या डाव्या बाजूला, तिरके, म्हणजे चित्र त्यांना दिसेल. कागदावरच्या दिव्याला लाल जिलेटीन गुंडाळा, पडद्यावर उजेड जाता कामा नये.

शब्दवेल
पाट्यांचं मराठी दोन पद्धतींनी करता येतं.

एक, मराठी ओळी फाइलवर चढवणं. नोटपॅडमध्ये एसआरटी फाइल करा : क्रमांक, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, ओळ. जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीऐवजी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं येतात. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये फाँट मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी ठेवा. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला लावणार असाल तर सावध राहा. बऱ्याच मशीनना देवनागरी जुळवता येत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलंत दाखवून सुटी पडतात. त्यावर उपाय म्हणजे ओळी चित्रातच भाजून घेणं, हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 'बर्न इन'. मग कुठेही लावा, अक्षर हलणार नाही.

पाटीची पार्श्वभूमी काळी असते. मराठी ओळ इंग्रजी मजकुराच्या खाली, पिवळसर रंगात. एका ओळीत ३५-४० अक्षरांपेक्षा जास्त नको. चौथीतल्या मुलाला आठ-दहा शब्द वाचायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि पाटी इंग्रजी वाचणाऱ्याच्या हिशेबाने तेवढी थांबतेच असं नाही. म्हणून शब्दाला शब्द भाषांतर करू नका. पाटीवर वीस शब्द असतील तर मराठीत आठ ठेवा.

दोन, पाट्या मोठ्याने वाचणं. सात वर्षांची मुलं असतील तर मी हेच सुचवेन. एकच माणूस, एकच माइक, अभिनय न करता. सिनेमावर बोलायचं नाही, फक्त पाटी वाचायची. पाटी गेली की गप्प.

कृष्णाकाठ
वाचणारा आणि पेटी, हे जमणार असेल तर मी १९४२ चा हट्ट सोडतो. इंग्रजी निवेदन ऐकवण्यापेक्षा मराठी वाचन शंभर पटीने चांगलं. लांबीचं मात्र बघा.

वाईचे गुरुजी
लांबीवर उपाय मध्यंतर. पहिलं खोपट सोडून चार्ली गावात येतो, तिथे दहा मिनिटं थांबा. गोष्ट स्वतःच तिथे वळण घेते, दुसरीकडे तोडू नका. नववर्षाच्या रात्रीच्या आसपास तर मुळीच नको.

सुरुवातीला पाच मिनिटं मुलांशी बोला, कारण पहिलंच दृश्य न कळल्यास पुढची दहा मिनिटं चुळबूळ होते. बर्फाच्या डोंगरावर माणसांची लांबच लांब रांग चढताना दिसते. ती चिलकूट खिंड. १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं तिकडे धावली. तिथे उपासमार होऊ नये म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला : वर्षभराचा शिधा-सामान बरोबर असल्याशिवाय हद्दीत प्रवेश नाही. ते सामान माणशी जवळजवळ एक टन भरत असे. जनावरं त्या चढावर चढत नसत, म्हणून माणसं थोडं थोडं पाठीवर घेऊन तोच डोंगर पुन्हा पुन्हा चढत. मुलांना विचारा, ३० किलोचं ओझं एका खेपेत नेलं तर एक टनाला किती खेपा? उत्तर काढताना ती रांग त्यांना कळते.

हे दृश्य कॅलिफोर्नियात ट्रकी इथे खऱ्या बर्फात, सुमारे ६०० माणसं चढवून चित्रित झालं. बाकीचा बहुतेक बर्फ स्टुडिओतला आहे : लाकडी सांगाड्यावर जाळी आणि गोणपाट, त्यावर २०० टन प्लास्टर, २८५ टन मीठ आणि १०० पिंपं पीठ. हे सिनेमा संपल्यावर सांगा, आधी नको.

बुटाचंही नंतरच. तो बूट जेष्ठमधाच्या अर्काच्या काळ्या मिठाईचा केलेला होता. ते एक दृश्य मनासारखं व्हायला तीन दिवस लागले. जेष्ठमध जास्त पोटात गेलं की जुलाब होतात, आणि चॅप्लिन व मॅक स्वेन दोघांनाही ते भोगावं लागलं. मुलांचं लक्ष एका गोष्टीकडे वेधा : तो बुटाची नाडी काट्यावर शेवयांसारखी गुंडाळतो, खिळे हाडकांसारखे चोखून ताटाच्या कडेला ठेवतो. चेहऱ्यावर किळस नाही, उलट मेजवानीचा रुबाब आहे. भुकेचा प्रसंग असून हसू येतं ते त्यामुळे. सिनेमाला डॉनर पार्टीच्या हकिगतीचा आधार आहे. १८४६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत बर्फात अडकलेले ते स्थलांतरित भुकेपायी मेलेल्या माणसांचं मांस खाण्यापर्यंत गेले होते. सात वर्षांच्या मुलांना हे सांगायची गरज नाही. तेरावाल्यांनी विचारलं तर टाळू नका.

चार्लीचा कोंबडा होतो तो प्रसंग मात्र लहानग्यांना क्वचित भीतिदायक वाटतो, शेजारी मोठं माणूस असू द्या. त्या कोंबड्याच्या वेशात स्वतः चॅप्लिनच होता. माणसाचा कोंबडा होतानाचं दृश्य कॅमेऱ्यातच फिल्म मागे गुंडाळून, पुन्हा तीच फिल्म वापरून केलं आहे. म्हणजे उभं राहण्याची जागा बोटभरही चुकून चालत नाही.

कराडकर
विषयाला धरूनच विचारतो. इथल्या एका जुन्या शाळेच्या माळ्यावर १६ एमएमचा प्रोजेक्टर आणि दोन मोठी रिळं सापडली आहेत, डब्यावर 'गोल्ड रश' लिहिलंय. साताऱ्याच्या कार्यक्रमाला तीच चालवता येतील का? मुलांना खरा प्रोजेक्टर बघायला मिळाला असता.

जुना ऑपरेटर
दादा, हातही न लावता आधी वास घ्या. डबा उघडल्यावर शिरक्याचा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ॲसिटेट फिल्मला उष्णता आणि दमट हवा लागली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि सुटलेलं ॲसिड कूज आणखी वाढवतं. पत्र्याखालचा माळा म्हणजे सगळ्यात वाईट जागा. ते डबे इतर रिळांपासून वेगळे ठेवा.

वास नसेल तर आकसली का ते मोजा. १६ एमएमच्या एका फुटात ४० चौकटी असतात, म्हणजे १०० चौकटी बरोबर ७६२ मिलिमीटर. सपाट टेबलावर फिल्म न ताणता पोलादी पट्टीने १०० चौकटी मोजा. ७५४ च्या आसपास भरल्या तर एक टक्का आकसली. ती चालवू नका, दात्यांवर भोकं बसत नाहीत आणि फिल्म फाटत जाते.

कडेची भोकं बघा. दोन्ही कडांना भोकं असतील तर मूक प्रत, म्हणजे बहुधा १९२५ चं रूप. एकाच कडेला भोकं आणि दुसऱ्या कडेला आवाजाची नागमोडी पट्टी असेल तर बोलकी, म्हणजे १९४२ ची. जुन्या मूक प्रोजेक्टरच्या चाकांना दोन्हीकडे दाते असतात. त्यावर बोलकी प्रत चढवली तर दाते सरळ आवाजाच्या पट्टीत घुसतात, प्रत कायमची जाते. लांबीवरूनही कळतं : २४ च्या वेगाला मिनिटाला ३६ फूट, म्हणून ७२ मिनिटांना साधारण २६०० फूट. १६०० फुटांची दोन रिळं, दुसरं अपुरं, असं असेल तर ही १९४२ चीच धरा.

सगळं ठीक निघालं तरी पूर्ण सिनेमा त्यावर चालवू नका. प्रोजेक्टर बंद ठेवून, फिल्मचा वाया गेलेला तुकडा चढवून मुलांना मार्ग दाखवा : वरचं चाक, फटकीच्या (चित्रावर दिव्याचा उजेड पडतो ती चौकट) वर एक सैल वळसा, खाली एक सैल वळसा, मग आवाजाचा ढोल. ते वळसे का? चाक सलग फिरतं आणि फटकीत फिल्म थांबत-थांबत जाते, वळसा तो झटका पोटात घेतो. खालचा वळसा गेला की चित्र थरथरतं आणि ओठ-आवाजाची फारकत होते, कारण चित्राचा आवाज फिल्मवर २६ चौकटी पुढे छापलेला असतो. प्रत चांगली असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाशी बोला.

कराडकर
वास येतोय काका. डबे बंद करून वेगळे ठेवले. प्रोजेक्टर तेवढा साताऱ्याला आणतो.

नियमावली
कायद्याचं थोडक्यात. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे १९२५ आणि १९४२ दोन्हींची मुदत इथे संपलेली आहे. पण दुरुस्त प्रतीवर नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं संगीत वेगळं मोजलं जाऊ शकतं. पेटी-तबल्यावर दाखवणार असाल तर तो प्रश्नच उरत नाही. शाळेच्या उपक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं प्रेक्षक असतील तर कलम ५२ मध्ये सवलतही आहे. तिकीट लावून गावाला खुलं करणार असाल तर आधी वकिलाला विचारा. ओटीटीच्या घरगुती खात्यावरून सभागृहात दाखवणं त्यांच्या अटींत सहसा बसत नाही, डिस्क विकत घ्या.

माहुली
ठरलं : १९२५, मराठी वाचन, पेटी-तबला, हॉल. प्रेक्षक फक्त शाळेतली मुलं आणि घरची माणसं. दोन प्रश्न उरले. लाइट गेली तर? आणि मुलांना नंतर पावांचा नाच करायचाय, तो कसा बसवायचा?

अजिंक्यतारा
दिवावाला प्रोजेक्टर २५०-३०० वॉट घेतो. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस फार तर पाच-सात मिनिटं देतो, आणि त्याचं काम तेवढंच आहे : दिवा नीट बंद करून पंखा चालू ठेवणं. तापलेला दिवा पंख्याशिवाय राहिला की फुटतो नाहीतर काळा पडतो. लाइट गेल्यावर लगेच पॉवरचं बटण दोनदा दाबून पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका. परत आल्यावरही पाच मिनिटं थांबून सुरू करा. तेवढा वेळ पेटीवाले सांभाळतील.

माइकचा स्पीकर पडद्याच्या बाजूला, बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीपेक्षा थोडा वर. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो म्हणून घाबरू नका. सतरंज्या आणि साठ मुलं आली की निम्मा कमी होतो. काळोखासाठी खिडक्यांना आतून काळा कागद लावलात तर हवा बंद होते, मे महिन्यात मुलं उकडून निघतील. वरची झडप उघडी ठेवून तिच्यापुढे फूटभर अंतरावर काळं कापड सोडा.

वाईचे गुरुजी
पावांचा नाच : लादीपाव नको, काटा खुपसल्यावर फाटतो. आदल्या दिवशीचे लांबट बन घ्या, बोटभर लांब आणि एका टोकाला निमुळते. निमुळतं टोक बुटाचा चवडा. काटा टाचेकडच्या तिसऱ्या हिश्श्यात, किंचित मागे कललेला, अर्ध्यापर्यंतच रोवा. आरपार गेला तर टेबलावर खरखरतो. काट्याची मूठ हाताच्या तळव्यात, तर्जनी दांड्यावर.

टेबल छातीच्या उंचीला, मागे काळं कापड, उजेड समोरून खालून. हनुवटी जवळजवळ हातांवर आली पाहिजे, नाहीतर पाय वेगळे आणि डोकं वेगळं दिसतं. आधी नुसतं चालणं बसवा, डावा-उजवा. मग टाच-चवडा, मग एक पाय आडवा लाथेसारखा. नजर ज्या पायाने हालचाल केली त्या बाजूला, आणि चेहरा गंभीर. हसलं की संपलं. ही युक्ती चॅप्लिनच्या आधी विनोदी नट रॉस्को आर्बकलने १९१७ च्या 'द रफ हाउस'मध्ये केली होती. दोन्ही तुकडे एकापाठोपाठ दाखवा, मुलांना फरक आपोआप कळतो : आर्बकल पाव नाचवतो, चॅप्लिनच्या अख्ख्या चेहऱ्याला वाटत असतं की ते आपलेच पाय आहेत.

मिरजेचा पेटीवाला
ताई, त्या नाचाला संगीत फार जलद ठेवू नका, मुलांचे काटे मागे पडतात. मध्यलय केरवा, एका मात्रेला एक पाऊल. प्रत हातात आली की लांबी आणि मध्यंतराची वेळ कळवा, कागद इकडूनच करून पाठवतो.